अर्ज करणे म्हणजे हात पसरणे नव्हे

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या समाजातील एक ताई आल्या होत्या. वाण घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात पदराखालून बाहेर काढलेच नाहीत. शेजारच्या काकूंनी वाण त्यांच्या पिशवीत टाकले. मागे दोघी-तिघींत कुजबुज झाली, "एवढा कसला तोरा!" तोरा नव्हता. त्यांच्या दोन्ही हातांची बोटे सांध्यांत वाकडी झाली आहेत आणि ती चारचौघांत दिसू नयेत म्हणून त्या हात झाकून बसल्या होत्या.

ताईंचे नाव आम्ही छापणार नाही. त्यांच्या घराची गोष्ट मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या घराची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातील फायलींबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. ताईंचे आजोबा त्यांतलेच. वडील डाक विभागातून निवृत्त झाले, आज त्यांचे वय ८१ आहे. आई नाही. ताई ४९ वर्षांच्या, अविवाहित. एका खासगी शाळेत शिकवत होत्या. बारा वर्षांपूर्वी सकाळी उठल्यावर बोटे आखडू लागली, मग मनगटे, मग पावले. फळ्यावर खडू धरवेना तेव्हा नोकरी सोडली. घर चालते ते काकांच्या पेन्शनवर.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काकांकडे विषय काढला होता, की ताईंचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या. काका संतापले. म्हणाले, "आमच्या घरात कुणी अपंग नाही. तीन पिढ्यांत आम्ही कुणापुढे हात पसरले नाहीत, आता पसरायचे का?" आम्ही गप्प बसलो. चूक आमची. त्याच दिवशी काकांना सांगायला हवे होते ते आज या जागेवर सगळ्यांनाच सांगत आहोत.

हे दुखणे म्हातारपणाचे नव्हे

आपल्याकडे सांधे दुखले की सरसकट संधिवात म्हणतात आणि "वय झाले, चालायचेच" म्हणून सोडून देतात. ताईंना आहे तो आमवात, डॉक्टरांच्या भाषेत रुमेटॉइड आर्थ्रायटिस. वयोमानाने गुडघे झिजतात तो प्रकार निराळा. आमवातात शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सांधे सुजतात, आतून खराब होतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर कायमचे वाकतात. तो तिशी-चाळिशीतही गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता आणि त्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया होत्या.

आपल्या मराठी मुलखातलेच उदाहरण द्यायचे तर पुणे जिल्ह्यातील भिगवणचे देता येईल. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी तेथे घरोघर पाहणी सुरू केली. त्या पाहणीत आमवाताचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दोनशे माणसांत एक असे आढळले. आपल्या गणेशोत्सवाच्या पंगतीला चारशे पाने मांडली, तर या हिशेबाने त्यांतली दोन माणसे आमवाताची निघतील. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण ती हात पदराखाली घेऊन बसतात.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते असे आपण म्हणतो. हे दुखणे मुंगीच्या पावलांनी येते आणि मुक्काम हलवत नाही. शिवाय ते रोज सारखे नसते. आज माणूस बाजारात दिसतो आणि उद्या त्याला पेल्यातले पाणी उचलवत नाही. या चढउतारामुळेच घरच्यांना ते ढोंग वाटते आणि सरकारी टेबलावर ते मोजमापात सापडत नाही.

कायदा काय म्हणतो

१९९५ च्या अपंगांच्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार २१ झाले. त्या २१ मध्ये आमवाताचे नाव नाही. पुष्कळ लोक यादी पाहूनच घरी परततात. पण वाट बंद नाही. हाडे, सांधे, स्नायू किंवा मज्जासंस्था यांच्या बिघाडामुळे स्वतःची हालचाल करणे वा वस्तू हाताळणे जमत नसेल, तर कायदा त्याला अस्थिव्यंग, म्हणजे लोकोमोटर डिसॅबिलिटी मानतो. आमवाताच्या माणसाने अर्ज करायचा तो या रकान्यात. कायदा आजाराचे नाव विचारत नाही, आजाराने काय हिरावून घेतले ते विचारतो.

बहुतेक सवलतींची पायरी ४० टक्के आहे. टक्के कसे काढायचे याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने जानेवारी २०१८ मध्ये काढली आणि मार्च २०२४ मध्ये सुधारली. सांधा किती वळतो, स्नायूंत ताकद किती, हाताने करायच्या क्रिया किती जमतात, चालणे आणि उभे राहणे कसे आहे, यांचे आकडे एका सूत्रात घालून टक्के येतात. गिरणीत हात तुटलेल्या कामगारासाठी हे गणित बरे आहे. आमवातासाठी ते तोकडे पडते, कारण ते एका दिवसाचा, एका तासाचा हात मोजते.

तीन मिनिटे

गेल्या पावसाळ्यात काका घरातच पडले आणि आठ दिवस इस्पितळात राहिले. त्या आठ दिवसांत ताईंची वेणी कुणी घातली नाही. होय, बारा वर्षे आजारी असलेल्या लेकीची वेणी रोज सकाळी ८१ वर्षांचे वडील घालतात. इस्पितळातून घरी आल्यावर काका एवढेच म्हणाले, "फॉर्म आणा."

अर्ज झाला, बोलावणे आले. सकाळी अकराची वेळ होती. तिथपर्यंत पोहोचता यावे म्हणून ताईंनी पहाटेच दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, गरम पाण्यात हात शेकले, नीट इस्त्रीची साडी नेसून वेळेच्या आधी हजर झाल्या. डॉक्टर म्हणाले, "मुट्ठी बंद कीजिए. खोलिए. चलकर दिखाइए." त्यांनी दाखवले. "घर का काम कर लेती हैं?" ताई म्हणाल्या, "जी, कर लेती हूँ." तीन मिनिटांत तपासणी आटोपली. हातात कागद आला, ३२ टक्के.

ताई खोटे बोलल्या नाहीत, पण खरेही सांगितले नाही. चार पोळ्यांची कणीक मळायला त्यांना पाऊण तास लागतो. बादली उचलवत नाही म्हणून तांब्या-तांब्याने पाणी नेतात. नळ पक्का बंद करता येत नाही, दुधाची पिशवी दातांनी फोडावी लागते. हे सगळे "कर लेती हूँ" या तीन शब्दांत गडप झाले. रडगाणे गायचे नाही हे आपल्या घरांतले वळण. ते वळण त्या दिवशी ताईंना आठ टक्क्यांना पडले.

डॉक्टरांवरही आम्ही एकट्यांवर खापर फोडत नाही. दाराबाहेर शंभर माणसांची रांग असेल तर कुणीही मूठ उघडमीट करूनच पुढे जाईल. दोष पद्धतीचा आहे. आणि हे भोपाळकरांना सांगायची गरज पडू नये. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्रीनंतर या शहराने दुखणे कागदावर सिद्ध करण्याचा धडा फार महागात गिरवला आहे. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरचा समझोता झाला आणि मग छातीत वायू घेऊन जगणारी माणसे वर्षानुवर्षे दावा न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिली. ज्याच्याकडे जुना कागद नव्हता त्याचे दुखणे हलके धरले गेले, ही तक्रार आजही जुन्या वस्त्यांत ऐकू येते. भरपाई वाढवून मागणारी केंद्र सरकारची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. ज्या शहराने हे भोगले, त्या शहरात तरी न दिसणाऱ्या दुखण्याकडे अधिक काळजीने पाहिले जावे अशी अपेक्षा करणे गैर नाही.

दुसरीकडे काय चालते? इंग्लंडमध्ये २०१३ पासून अपंगत्व भत्त्यासाठी असा नियम आहे, की एखादे काम माणसाला सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता येते का हे पाहायचे, आणि वर्षातल्या निम्म्याहून अधिक दिवस काय स्थिती असते ते धरायचे. तिथेही तक्रारी आहेत, पण प्रश्न तरी योग्य विचारला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचीही दिशा तीच आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने लेखनिक मिळवून दिला आणि ४० टक्के नाहीत म्हणून त्याला सोय नाकारता येत नाही असे सांगितले. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ओंकार गोंड यांच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात न्या. भूषण गवई यांच्या पीठाने म्हटले, की नुसत्या टक्क्यांवर निर्णय करू नका, माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो ते तपासा. ही दोन्ही प्रकरणे परीक्षेची आणि प्रवेशाची आहेत. तीच न्यायबुद्धी प्रमाणपत्राच्या खोलीत का असू नये?

प्रमाणपत्राने काय मिळते

काका विचारत होते, "मिळून मिळून मिळणार काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून स्पष्ट उत्तर देतो. पेन्शनची मोठी आशा धरू नका. केंद्राची इंदिरा गांधी अपंग पेन्शन दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी आहे, आणि तीत केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये. राज्याने २०१९ साली सामाजिक सुरक्षा पेन्शन ३०० वरून ६०० रुपयांवर नेली. एवढ्यात औषधपाणी भागत नाही. तरीही आपल्यातले सगळेच काही बंगलेवाले नाहीत. पोळ्या लाटून, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या भगिनी आपल्याच आहेत. त्यांच्यासाठी ६०० रुपये ही थट्टेची रक्कम नाही.

मध्यमवर्गीय घराला मिळते ते वेगळे. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०-यू म्हणून ओळखली गेलेली वजावट ४० टक्क्यांपासून ७५ हजार आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाख रुपये आहे, मात्र जुनी करपद्धत निवडणाऱ्यांनाच. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि सोबत्याला रेल्वेत स्लीपर व थ्री-टायर एसीच्या भाड्यात ७५ टक्के सूट मिळते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली तेव्हाही ही सवलत चालू राहिली. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर २०१६ च्या कायद्याचे कलम २० सांगते, की त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. झेपेल असे काम त्याच पगारावर द्यावे लागते. आपली कितीतरी मुले-सुना सरकारी खात्यांत आणि भेलसारख्या सरकारी कारखान्यांत आहेत. आमवात झाला म्हणून घाईने राजीनामा देण्यापूर्वी त्यांनी हे कलम वाचावे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट कुटुंब निवृत्तिवेतनाची. केंद्र सरकारच्या पेन्शनरचे मूल अपंगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू शकत नसेल, तर आई-वडिलांच्या पश्चात त्याला वयाची अट न लागता जन्मभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यासाठीची उत्पन्नाची मर्यादाही शिथिल झाली. मात्र अपंगत्व आई-वडिलांच्या हयातीतच आलेले असावे लागते. ते पुढे कुणी सिद्ध करायचे? म्हणून कागद आजच करावा आणि पेन्शनरने हयातीतच आपल्या पेन्शन आदेशात अशा मुलाचे नाव नोंदवून घ्यावे. राज्य शासनाच्या पेन्शनरांनी आपल्या पेन्शन कार्यालयात याची चौकशी करावी. काकांच्या डोळ्यांत पाणी आले ते हे ऐकून. "मी गेल्यावर हिचे काय" या प्रश्नाने ते रात्र-रात्र जागत होते आणि त्याचे निदान अर्धे उत्तर तरी ज्या कागदात होते, तोच कागद ते नाकारत होते.

काय करावे

अर्ज केंद्राच्या स्वावलंबन कार्ड संकेतस्थळावर होतो. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. राज्याच्या योजनांसाठी समग्र आयडी हाताशी ठेवा. आपल्या जिल्ह्यातील वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करता येतो, तसाच ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडेही करता येतो.

तपासणीला रिकाम्या हाताने जाऊ नका. सर्वांत जुन्या चिठ्ठीपासूनचे कागद तारखेने लावा. रक्ताच्या आर. ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी तपासण्या, हातापायांचे एक्स-रे, औषधांची वर्षवार यादी हवी. सांध्यांच्या तज्ज्ञाकडून असे पत्र घ्या, ज्यात नुसते आजाराचे नाव नसून कोणते काम जमत नाही आणि सकाळी किती वेळ आखडलेले राहते हे लिहिले असेल. महिनाभर एका वहीत रोजची स्थिती टिपा. औषधे बंद करून मुळीच जाऊ नका, पण आज किती गोळ्या घेऊन इथवर आलो ते डॉक्टरांना सांगा. "करता का?" असे विचारले तर "किती वेळात आणि कुणाच्या मदतीने" ते सांगा. घरातले एक माणूस बरोबर न्या, कारण जे आपण सांगायला लाजतो ते त्याने पाहिलेले असते.

अर्ज नाकारला तर लेखी कारण मागा. ते देणे नियमाने बंधनकारक आहे. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येते. अडकले तर मंगळवारची कलेक्टर कार्यालयातील जनसुनवाई आहे, १८१ क्रमांकाची सीएम हेल्पलाइन आहे आणि दिव्यांगजनांचे आयुक्त याच शहरात बसतात. राजधानीत राहण्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

आमच्या मागण्याही नोंदवून ठेवतो. सांध्यांच्या दाहाच्या रुग्णांची तपासणी असेल तेव्हा मंडळावर त्या विषयाचा जाणकार असावा. एका दिवसाच्या मुठीऐवजी वर्षभराच्या उपचारांची नोंद विचारात घ्यावी. बोलावण्याची वेळ ठरलेली असावी आणि बसायला खुर्ची असावी. अंथरुणाला खिळलेल्यांची तपासणी घरी व्हावी. पेन्शनची ८० टक्क्यांची अट खाली आणावी. निवडणुकीच्या दिवसांत पार्षद आणि आमदार आपल्या दाराशी येतात, मराठी समाजाच्या मेळाव्यात पुरणपोळी खातात, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला हार घालतात. येऊ द्या, स्वागत आहे. पण या वेळी पुरणपोळीबरोबर ही यादीही वाढा, आणि उत्तर लेखी घ्या.

आपल्या समाजाने या शहरात काय केले असे कुणी विचारले तर आपण अभिमानाने सांगतो, की राजधानीच्या फायली आमच्या आजोबांनी लावल्या. हजारो अनोळखी माणसांचे अर्ज त्यांनी वाचले, टिपणे लिहिली, मंजुरीला पाठवले. त्या अर्ज करणाऱ्यांना ते भिकारी म्हणत नसत, अर्जदार म्हणत. मग स्वतःच्या लेकीचा अर्ज लिहिताना आपला हात का अडखळावा? ज्या तिजोरीत आपण तीन पिढ्या कर भरला, तिच्याकडे नियमाने ठरलेले मागणे यात कमीपणा कसला? कमीपणा असेल तर तो हात पदराखाली लपवायला लावणाऱ्या आपल्या नजरांत आहे.

मंडळाच्या कार्यालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा आपले निवृत्त मंडळी असे अर्ज भरून द्यायला बसणार आहेत. ज्यांना सही करतानाही त्रास होतो त्यांनी निःसंकोच यावे. येणे जमत नसेल तर निरोप द्या, आम्ही घरी येऊ.

ताईंचे अपील ९० दिवसांच्या आत दाखल झाले आहे. या वेळी वही, एक्स-रे आणि तज्ज्ञांचे पत्र जोडले आहे, आणि पाऊण तासाची कणीकही लिहिली आहे. हा अंक छापायला जाईपर्यंत निकाल आलेला नाही. अर्जाचा मसुदा काकांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिला. खाली सही ताईंची आहे. जरा वाकडी आली आहे, पण त्यांनी ती स्वतःच्या हाताने केली आहे.